नायट्रोजनचा हिशेब शिकवणाऱ्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

जिवाणूंकडून बायोपॉलिमर करून घेणाऱ्या आणि फिनॉल-टोल्युइनसारखी विषारी रसायनंही त्यांच्याच हवाली करणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे पत्र. ही दोन कामं बहुधा दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवली जातात. तुमच्या टिपणांनी ती एकाच हिशेबात बसवली, आणि तो हिशेब नायट्रोजनचा आहे. आभार मुख्यतः त्याचे.

पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) हे असंच एक बायोपॉलिमर, जिवाणूचा कार्बनचा साठा. मॉरिस लेमॉइन यांनी १९२६ च्या सुमारास बॅसिलस मेगाटेरियममध्ये तो ओळखला. क्युप्रिॲव्हिडस नेकॅटर या जिवाणूच्या पेशीत तो कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो. कार्बन भरपूर आणि नायट्रोजन संपलेला असला की पेशीला प्रथिनं करता येत नाहीत, क्रेब्ज चक्र (अन्नातून ऊर्जा काढणारी अभिक्रियांची साखळी) मंदावतं आणि त्यातून सुटणारं मोकळं कोएन्झाइम-ए कमी होतं. एरवी हेच कोएन्झाइम-ए कीटोथायोलेजला, म्हणजे पीएचबीच्या पहिल्या पायरीच्या एन्झाइमला, दाबून ठेवतं. दाब उठला की ॲसिटिल-कोएचे (कोएन्झाइम-ए ला जोडलेल्या दोन कार्बनी तुकड्याचे) दोन रेणू जुळतात, रिडक्टेज हे एन्झाइम एनएडीपीएच (पेशीतला हायड्रोजन पुरवणारा रेणू) खर्चून पुढची पायरी करतं आणि सिंथेज हे एन्झाइम पॉलिमरची साखळी लांबवत नेतं. इथवर कुणीही सांगेल.

तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात: विष सोसायला काय लागतं? टोल्युइन पेशीपटलात घुसून ते पातळ करतं. स्युडोमोनास पुटिडा ही जिवाणूची जात त्यावर सिस (वाकड्या) मेदाम्लांची ट्रान्स (सरळ) मेदाम्लं करून पटल घट्ट करते. त्याचं एन्झाइम आधीच तयार असतं, म्हणून हे काही मिनिटांत सुरू होतं. पण टोल्युइन बाहेर फेकणारे पंप आणि त्याचं कार्बनचं वलय फोडणारी ऑक्सिजनेज एन्झाइमं ही प्रथिनं आहेत, ती पुरेशी घडवायची तर नायट्रोजन हवाच. पहिल्या दिवसापासून नायट्रोजन तोडून वर फिनॉल ओतलं, तर ना विघटन होतं ना साठा. जिवाणू ‘कमकुवत’ ठरवून बाजूला टाकले जातात ते बरेचदा याच कारणाने.

म्हणून तुमची दोन टप्प्यांची पद्धत. पहिल्या टप्प्यात लिटरला १ ग्रॅम अमोनियम सल्फेट. त्यात सुमारे ०.२१ ग्रॅम नायट्रोजन असतो आणि पेशीच्या कोरड्या वजनात तो साधारण १४ टक्के धरला, तर साठा वगळून दीड ग्रॅमच्या आसपास पेशी मिळतात. याच टप्प्यात फिनॉलच्या अगदी लहान मात्रेने एन्झाइमं जागी करायची. अमोनियम संपलं की फ्रुक्टोज लिटरला १० ग्रॅमच्या घरात. वाढीची वाट बंद असल्याने ते साठ्याकडे वळतं. ‘ग्लुकोज नको’ ही तुमची ओळ आम्ही लाल शाईत ठेवली आहे: क्युप्रिॲव्हिडसचा मूळ एच १६ प्रकार ग्लुकोजवर वाढतच नाही. मॅग्नेशियम सल्फेट फॉस्फेटबरोबर ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलं) की साका बसतो, म्हणून ते वेगळं; साखरही वेगळी.

फिनॉल थोडं थोडं द्यायचं, कारण त्याची मात्रा वाढवली की विघटनाचा वेग आधी चढतो आणि मग कोसळतो. पुढची मात्रा कधी द्यायची, यावर तुमची खूण अचूक आहे: फिनॉल संपताच विरघळलेला ऑक्सिजन एकदम उसळतो. फ्लास्कमध्ये ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड नसेल तर फिनॉलशी ४-अमिनोअँटिपायरिनने येणारा लाल रंग ५१० नॅनोमीटरला मोजावा. मात्र फिनॉल शून्य म्हणजे विष संपलं असं नाही. द्रव पिवळा पडून तसाच राहिला, तर मेटा-विघटनातला (वलय फोडण्याच्या एका मार्गातला) मधला पदार्थ, २-हायड्रॉक्सिम्युकॉनिक सेमिअल्डिहाइड साचतोय. तो ३७५ नॅनोमीटरला दिसतो. फ्लास्क पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भरू नये, कारण फिनॉलच्या प्रत्येक रेणूवर पहिल्या दोन पायऱ्यांतच ऑक्सिजनचे दोन रेणू खर्च होतात. (धातूंची गोष्ट निराळी. पारा फोडता येत नाही. मेर जनुकं (पाऱ्याला तोंड देणारी) असलेले जिवाणू त्याची वाफ करतात, आणि मग ती श्वासात जाऊ नये ही जबाबदारी आपली.)

मोजणीतला तुमचा कडकपणा तर खास. सुदान ब्लॅक या रंगाने पेशीतले कण काळे-निळे दिसले म्हणजे मेद आहे एवढंच कळतं. पीएचबी तीव्र सल्फ्युरिक आम्लात १०० अंश सेल्सियसला १० मिनिटं तापवून क्रोटॉनिक आम्ल करायचं आणि २३५ नॅनोमीटरला वाचायचं, पण क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्येच (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक नळीत). उरलेली साखर आणि ॲरोमॅटिक अवशेषही अतिनील प्रकाश शोषतात, म्हणून एकाच तरंगलांबीवर विसंबायचं नाही. २२० ते ३०० पूर्ण आलेख काढून शिखर जागेवर आहे का ते पाहायचं. आणि स्युडोमोनास पुटिडाला ही चाचणी लावूच नये. तिचं पॉलिमर ६ ते १२ कार्बनांच्या घटकांचं असतं, त्यातून क्रोटॉनिक आम्ल मिळत नाही. तिथे आम्लयुक्त मिथेनॉल आणि क्लोरोफॉर्ममध्ये तापवून मिथिल एस्टर करावेत, बेंझोइक आम्ल अंतर्गत मानक म्हणून घ्यावं आणि गॅस क्रोमॅटोग्राफी करावी.

काढणीबद्दल दोनच गोष्टी. साखर थोडी शिल्लक असतानाच पेशी सेंट्रिफ्यूज कराव्यात, नाहीतर डिपॉलिमरेज (पॉलिमर तोडणारं एन्झाइम) साठा परत खायला लागतं. पेशी फोडायला हायपोक्लोराइट वापरलं तर जास्त वेळ ठेवू नये, साखळ्या तुटतात. आणि ॲसिटोनने धुण्याआधी हायपोक्लोराइट पाण्याने पूर्ण काढावं, कारण दोन्ही एकमेकांशी अभिक्रिया करतात.

एक विनंती. टोल्युइनच्या पानावर मृत पेशींचा नियंत्रण (तुलनेचा) फ्लास्क आहे, तिथे बुचाचाही उल्लेख यावा. साधं रबरी बूच टोल्युइन शोषून घेतं, आणि तो घटलेला भाग जिवाणूंच्या नावावर जमा होतो. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं सेप्टम (सुईने टोचता येणारं बूच) वापरावं, वर हवेसाठी पुरेशी जागा ठेवावी आणि मृत पेशींच्या बाटलीलाही तेच बूच लावावं. तुमची परवानगी असेल तर नव्या विद्यार्थ्यांच्या प्रतीत एवढी भर आम्ही घालतो.

आपले कृतज्ञ,
टिपणं वापरणारे सगळे