जुन्या मोटारींतले लाकूड टाकून देऊ नका, ते जुळवता येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांची छायाचित्रे येतात, तेव्हा पाहणाऱ्याची नजर साहजिकच बॉनेटवर आणि क्रोमच्या बंपरवर खिळते. माझी नजर मात्र काचेतून आत डॅशबोर्डकडे जाते. सांगलीत माझा फर्निचर पॉलिशचा व्यवसाय आहे आणि गेल्या काही वर्षांत अशा गाड्यांच्या लाकडी पट्ट्या माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याकडे येण्यापूर्वीच कोणाच्या ना कोणाच्या हातून बिघडलेल्या असतात. मूळ लाकूड मशीनने घासून काढणे, त्यावर सनमायका डकवणे, लाकडाची छपाई असलेला प्लास्टिकचा कागद ताणून बसवणे किंवा सगळाच संच भंगारात देऊन सागाच्या नव्या फळ्या ठोकणे हे उपाय आपल्याकडे सर्रास चालतात. ते बहुतेक वेळा अनावश्यक असतात, एवढेच सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

या पट्ट्या अखंड लाकडाच्या असतात, असा पुष्कळ मालकांचा समज असतो. प्रत्यक्षात वर दिसतो तो व्हिनियरचा, म्हणजे चांगल्या लाकडाच्या पातळ कापाचा पापुद्रा असतो, बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि तो प्लायवूडवर किंवा आकार दिलेल्या साध्या लाकडावर चिकटवलेला असतो. नंतरच्या काळातील काही गाड्यांत खालचा थर ॲल्युमिनियमचा किंवा प्लास्टिकचाही असतो. ब्रिटिश सलून (म्हणजे सेडान) गाड्यांमध्ये अक्रोडाचे, त्यातही बुंध्याजवळच्या गाठींचे व्हिनियर मानाचे समजले जाई, तर 1970 आणि 80 च्या दशकांतील मर्सिडीजमध्ये झेब्रानो या आफ्रिकी लाकडाचे, फिकट पिवळसर अंगावर काळपट उभ्या रेघांचे व्हिनियर पुष्कळदा दिसते. अक्रोडाच्या गाठीतून एकामागून एक निघालेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी शेजारी लावले, की डावीकडची नक्षी उजवीकडे आरशात पाहिल्यासारखी उमटते. डॅशबोर्डच्या दोन टोकांना किंवा समोरासमोरच्या दारांना दिसणारा तोल हा असा मुद्दाम साधलेला असतो. म्हणूनच एका दाराची पट्टी बदलून तिथे कुठूनही आणलेला तुकडा लावला, तर तो कितीही चांगला असला तरी उपराच दिसतो. रोल्स-रॉइससारखी कंपनी एका गाडीसाठी एकाच झाडाचे व्हिनियर वापरते आणि पुढे दुरुस्ती लागली तर हाताशी असावे म्हणून त्यातले काही राखून ठेवते, ते याचसाठी.

हे लाकूड खराब का होते, ते आधी पाहू. लाकूड हवेतले पाणी घेते आणि सोडते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावला तर चटका बसतो आणि लगेच दोन महिन्यांत त्याच गाडीच्या आतल्या कापडाला बुरशी येते. या ओढाताणीत लाकूड फुगते आणि आकसते, पण त्यावरचा लॅकरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक लेपाचा, जाड थर, विशेषतः नंतरच्या गाड्यांवरचा पॉलिएस्टरचा काचेसारखा थर, तेवढा हलत नाही आणि शेवटी तडकतो. तडकल्यावर त्या फटीतून ओल आत शिरते, लॅकर लाकडापासून सुटते आणि तिथे दुधाळ डाग दिसू लागतो. मालक घाबरतो तो इथेच. त्याला वाटते लाकूड सडले. खरे तर बहुतेकदा लाकूड शाबूत असते आणि फक्त लॅकर गेलेले असते. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांचे प्रकरण वेगळे. तिथे पापुद्रा चिकटवणारा सरसच विरघळतो आणि पापुद्रा फुग्यासारखा वर येतो. अशा वेळी पट्ट्या उन्हात वाळत घालणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण वरची बाजू आधी सुकते आणि पट्टी होडीसारखी वाकते. स्वच्छ पाण्याने गाळ पुसून, वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये ठेवून, वरून सपाट वजन देऊन त्या सावलीत सावकाश वाळवाव्यात आणि कागद ओले झाले की बदलत राहावेत. पुरानंतरच्या गडबडीत हे सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे जुने लॅकर काढणे, आणि नुकसान सर्वांत जास्त तिथेच होते. फिरत्या सँडरने ते काढायला गेले तर लॅकर संपून लाकूड कधी सुरू झाले ते कळत नाही आणि कडांपाशी पापुद्रा उडून खालचा प्लाय दिसू लागतो. तो एकदा दिसला की नवे व्हिनियर चढवण्याखेरीज गत्यंतर नाही. त्याऐवजी हॉट एअर गनने थोडा थोडा भाग गरम करावा. थर नरम पडला की बोथट पात्याने, पाते जवळजवळ आडवे धरून तो उचलावा. हात बसला की जाड लॅकरचे मोठमोठे पापड सुटून येतात आणि खालचे लाकूड अस्पर्श राहते. उष्णता जास्त झाली तर खालचा सरसही सुटतो, तेव्हा घाई करणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये.

आता टवका उडालेल्या जागेविषयी. नवखा सुतार तिथे चौकोनी तुकडा बसवतो आणि तो चौकोन पॉलिशनंतर दहा फुटांवरून ओळखू येतो, कारण लाकडाच्या रेषा आडव्या कापणारी सरळ कड डोळ्यांना लगेच सापडते. ठिगळ लांबट, दोन्ही टोकांना निमुळते आणि शक्य तितके रेषांच्या दिशेने जाणारे असावे. गाठीच्या अक्रोडात तर सरळ रेष अशी नसतेच, म्हणून ते एखाद्या डोळ्याच्या किंवा काळ्या शिरेच्या वळणाने कापावे. नवा तुकडा खराब जागेवर ठेवून, चिकटपट्टीने पक्का करून, धारदार पात्याने दोन्ही थर एकाच वेळी कापले की जागा आणि ठिगळ यांचा आकार तंतोतंत मिळतो. गाठीचे व्हिनियर वाळून चुरचुरीत आणि वेडेवाकडे झालेले असते. ते आधी ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याने ओलसर करून दाबात सपाट करावे लागते, नाहीतर पाते लावताच त्याचे तुकडे होतात. चिकटवण्यासाठी मी जुना, गरम करून लावायचा सरसच पसंत करतो. कपाटाला पांढरा गोंद उत्तम, पण बंद गाडीतल्या उष्णतेत तो नरम पडतो आणि सांधा हळूहळू सरकतो. सरस उद्या काढावा लागला तर काढता येतो, हा त्याचा आणखी एक गुण. फुगलेला भाग पुन्हा बसवायचा असेल, तर रेषेच्या दिशेने बारीक चीर देऊन आत सरस सोडावा, वर ओलसर फडके ठेवून कोमट इस्त्री फिरवावी आणि लगेच वजन द्यावे. वळणदार भागावर लाकडी ठोकळ्यापेक्षा वाळूची पिशवी चांगली, कारण ती आकार धरते.

खरी परीक्षा रंगाची असते. बहुतेक लाकडे वयाबरोबर गडद होतात, अक्रोड मात्र उजेडाने फिके पडून मधासारखे पिवळसर होते. त्यामुळे आज आणलेले अक्रोडाचे व्हिनियर जुन्या डॅशबोर्डशेजारी ठेवले तर ते करडे आणि काळपट वाटते, आणि रंग जुळवायचा म्हणजे डाय चढवायचा असे समजणारा कारागीर ते आणखी काळे करून ठेवतो. इथे उलट नव्या तुकड्याचा रंग आधी उतरवावा लागतो आणि मग अगदी पातळ रंगाने त्यात ऊब भरावी लागते. मीटरची गोल कडी काढली की तिच्याखाली झाकलेल्या लाकडाचे एक गडद वलय दिसते. कारखान्यातून गाडी बाहेर पडली तेव्हाचा रंग तो. मग जुळवायचे कशाशी, त्या वलयाशी की आजच्या फिकट रंगाशी? माझे मत असे, की एक-दोन पट्ट्याच दुरुस्त करायच्या असतील तर आजच्या रंगाशी जुळवावे. संपूर्ण संचाचे लॅकर काढायचे असेल, तरच मूळ रंगाकडे जाण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही सगळ्या पट्ट्या एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडूनच काम करावे. कोरड्या लाकडाच्या रंगावर कधीही विसंबू नये. स्पिरिटचा बोळा फिरवला की पॉलिशनंतर काय दिसणार याचा अंदाज क्षणभर मिळतो, आणि तो अंदाज दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न घेता बाहेर दिवसाच्या उजेडात घ्यावा, कारण दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागतात. खिळ्याभोवती पडलेले काळे डाग हे लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांचे असतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने निघतात, घासून निघत नाहीत.

यानंतर येते पॉलिश, आणि इथे आपला जिल्हा श्रीमंत आहे, याची जाणीव गाडीमालकांना करून द्यावीशी वाटते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांच्या तूनच्या लाकडावर लाखेचे पॉलिश कापडाच्या पुरचुंडीने थरावर थर देत चढवणारे हात मिरजेत आजही आहेत. गाडीच्या लाकडावर शेवटचा थर उन्हाला टिकणाऱ्या लॅकरचाच हवा, कारण लाख उष्णतेला आणि पाण्याला कच्ची. परंतु रंग एकसारखा करणे, छिद्रे भरणे आणि एखादी शीर बारीक कुंचल्याने जुन्या नक्षीत ओढून नेणे ही सगळी कामे त्याच हातांची आहेत. असे असताना मालक पट्ट्या पार्सलने मुंबईला किंवा परदेशात पाठवतात, याचे मला नवल वाटते. (ज्या गाडीला मुळात लाकूडच नव्हते तिच्या डॅशबोर्डवर ते चिकटवून तिला ‘क्लासिक’ म्हणवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.)

केंद्र सरकारने 2021 मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आली. गाडी मूळ स्वरूपात असावी, असे तो नियम म्हणतो आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांतील फेरफार हा मोठा बदल मानतो. आतले लाकूड त्या यादीत नाही. ते टिकवायचे की नाही, हे सर्वस्वी मालकाच्या आणि त्याच्या गॅरेजवाल्याच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि गॅरेजवाल्याला दोष द्यावा तर त्याला हे काम कोणी शिकवलेलेच नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली मालकांना: पट्टी कितीही तुटलेली असली तरी तिचे तुकडे फेकू नका. निखळलेला टवका पाकिटात घालून, तो कुठल्या दाराचा हे वर लिहून ठेवा, कारण मूळ तुकड्याइतका जुळणारा तुकडा जगात दुसरा मिळणार नाही. दुसरी विनंती आपल्या दैनिकामार्फत जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना: जिथे सुतारकाम शिकवले जाते, तिथे व्हिनियर बसवणे, ठिगळ लावणे आणि रंग जुळवणे यांचा एखादा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. गाड्या थोड्या असल्या तरी जुने दिवाण, कपाटे, रेडिओचे डबे आणि हार्मोनियमच्या पेट्या घरोघरी आहेत, आणि हात एकदा तयार झाला की त्याला कामाची वाण पडत नाही. कोणत्याही संस्थेने हे मनावर घेतले, तर सरावासाठी लागणारे व्हिनियरचे तुकडे मी देईन आणि रंग जुळवण्याचे तास विनामोबदला घेईन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक पॉलिश कारागीर, सांगली