लाल स्टिकरनंतर काय?

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून काही खासगी स्त्रीरोगतज्ज्ञही स्वेच्छेने त्यासाठी वेळ देतात. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. जोखमीच्या गर्भवतीच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. खरी अडचण त्यानंतरची. १० तारखेला ती बाई कोणाची? तपासणारे डॉक्टर शहरात परतलेले, वैद्यकीय अधिकारी बैठकीत, आणि नेमका धोका कोणता हे आशाताईंना अनेकदा कोणी सांगितलेलेच नसते.

राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. चांगलेच आहे, पण ही सरासरी, मेळघाटातल्या बाईला तिचा काय उपयोग? प्रसूतीनंतरचा रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. तेव्हा भूलतज्ज्ञ हवा, त्या गटाची रक्तपिशवी हवी. एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ काय करणार?

निदान एवढे तरी व्हावे : १०८ निघण्यापूर्वी पाठवणाऱ्या डॉक्टरने पुढच्या रुग्णालयाला स्वतः फोन करावा आणि चिठ्ठीवर रक्तदाब, हिमोग्लोबिन, दिलेली औषधे व त्यांची वेळ लिहावी. ‘पुढील उपचारांसाठी’ इतकेच खरडलेल्या चिठ्ठ्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिले की नाही, हे घाबरलेल्या सासूला विचारावे लागे!

– एक निवृत्त परिचारिका, अमरावती