आधी ती उघडून बघ

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सायकल घेतलीस, तीही जुनी, हे वाचून फार आनंद झाला. पण रविवारचा लांबचा पल्ला पुढे ढकल, एवढं माझं ऐक. माझी जुनी सायकल आणली त्याच दिवशी मी तिच्यावर बसलो आणि उतारावर ब्रेकची केबल लिव्हरपाशी तुटली. वरचं आवरण धडधाकट, आतली तार मात्र गंजून सुटलेली. गुडघ्यावरचा व्रण तू पाहिलायस.

आधी फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा बघ. हँडलखालच्या नळीला दांडा जिथे जुळतो, तिथे खालच्या बाजूने बोट फिरव. रंगाला सुरकुती किंवा चीर असेल तर सायकल समोरून धडकलेली असू शकते. तसं असेल तर पुढे कष्टच घालू नकोस, परत कर. मग पुढचा ब्रेक दाबून ती पुढेमागे हलव. हँडलपाशी टकटक जाणवली तर तिथलं बेअरिंग ढिलं आहे.

चेनला पट्टी लाव. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवलंस की नव्या चेनची पुढची 24वी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/8 इंच पुढे सरकली असेल तर चेन गेलीच, फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चाकाचे, दातेही बहुधा झिजलेत.

खरं काम हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याचं. चाक काढ, त्यातला आस, म्हणजे अॅक्सल, दोन बोटांत धरून सावकाश फिरव. खरखर लागली तर कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारा अॅक्सलवरचा शंकूसारखा नट, फिरवून काढ. माझ्या मागच्या हबात ग्रीस उरलंच नव्हतं, काळ्या मेणासारखा कडक थर होता. रॉकेलने धुतल्यावर कोनवर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले. असा कोन बदलायचाच, नवं ग्रीस भरून तो सुधारत नाही. छर्रे काढताना खाली कापड पसर आणि मोजून ठेव. मागच्या हबला बहुधा एका बाजूला पाव इंची 9 असतात. कोन आवळल्यावर त्याच्या बाहेरचा नट घट्ट करताना कोनही आणखी थोडा आवळला जातो, म्हणून कोन आधी किंचित ढिला ठेव. मला हे तिसऱ्या खेपेला जमलं.

आणि हो, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी आठव.

कोनवर खड्डे दिसले तर अॅक्सलची जाडी मोजून लिही. माझ्याकडे दोन-तीन सुटे कोन आहेत, लगेच पाठवतो.

तुझा,
अविनाश