काचेचे वजन कोण मोजतो?

महोदय,

काचेच्या इमारती भराभर उभ्या राहतात, पण ती काच वर चढवणाऱ्या हातांचा विचार क्वचितच होतो. एक चौरस मीटर काचेचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. म्हणजे १२ मिमी जाडीचे, २ बाय ३ मीटरचे तावदान तब्बल १८० किलोचे! ते चौघांनी ‘जरा धरा रे’ म्हणत उचलायचे नसते. त्यासाठी व्हॅक्यूम कप (हवा शोषून काचेला घट्ट चिकटणारी पकड) आणि क्रेन हवी. कप लावण्याआधी काच पुसून कोरडीही करायला हवी, कारण धुळीवर पकड टिकत नाही. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली काच मजबूत खरी, पण तिची कड नाजूक. कोपरा फरशीवर आपटला की अख्खे तावदान चुरा. म्हणून खाली रबर किंवा लाकडी पट्टी हवीच. वाऱ्यात तावदान शिडासारखे ओढले जाते, तेव्हा काम थांबवण्याचा अधिकार मुकादमाला असावा. (वेळापत्रक काय, पुढे सरकते.) निसटलेली काच पकडायला धावायचे नाही, हे कामगाराला पहिल्याच दिवशी सांगावे. नुसते हातमोजे वाटून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. खालचा रस्ता अडवला की लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

– एक वाचक