प्राणीगृहात वीज नाही, मग फिटच्या औषधाची परीक्षा कशी घ्यायची? मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहाला जनरेटर देण्याचा शब्द आपण भरसभेत दिला होता. मराठवाड्याचा मे उलटला, जनरेटर आला नाही. परवा रात्रभर वीज नव्हती आणि किंडलिंगचा, म्हणजे उंदरांत हळूहळू फिटची प्रवृत्ती तयार करण्याच्या प्रयोगाचा, अख्खा गट वाया गेला.

किंडलिंगमध्ये उंदराला दिवसाआड किलोमागे 35 मि.ग्रॅ. पेंटिलीनटेट्राझोल हे फिट आणणारं रसायन टोचतात. सुरुवातीला फारसं काही होत नाही. काही आठवड्यांनी तेवढ्याच मात्रेने पूर्ण फिट येते. मधली एक रात्र बिघडली की सगळं पहिल्यापासून. हा प्रयोग टाळताही येत नाही. फिटवर आज सर्रास दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम हे औषध विजेचा शॉक देऊन फिट आणण्याच्या नेहमीच्या चाचणीत नापास झालं होतं. त्याचा गुण किंडलिंगमध्ये दिसला.

प्राणीगृह 22 अंशांच्या आसपास लागतं. एसी बंद पडला की खोली तापते आणि उष्म्याने फिट लवकर येते. मग औषध हरलं की उकाडा जिंकला, हे कुणी सांगायचं?

व्होल्टेजचं दुखणं याहून वाईट. शॉकच्या चाचणीत उंदराच्या डोळ्यांत भुलीचा थेंब टाकून, इलेक्ट्रोड मिठाच्या पाण्यात भिजवून 50 मिलिअँपिअर प्रवाह 0.2 सेकंद देतात. मागचे पाय ताठ ताणले गेले तर औषध निकामी. पण जुन्या यंत्राला वीज कमी मिळाली की प्रवाह अपुरा पडतो, पाय ताणलेच जात नाहीत आणि नुसतं सलाईन टोचलेला उंदीरही वाचलेला दिसतो. म्हणून बिनऔषधाच्या गटात पाय ताणले गेले नाहीत, तर त्या दिवसाचे सगळे आकडे फेकावे लागतात. उंदीर मात्र गेलेले असतात.

प्राणी नीतिसमिती आमच्याकडे एकेका उंदराचा हिशेब मागते, आणि तो मागायलाच हवा. या वाया गेलेल्या जिवांचा हिशेब आम्ही कुणाकडे मागायचा? कोनशिलेला पैसा निघतो, इमारतीला निघतो. देखभालीची फाईल मुंबईला गेली की ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परत येते. वर्षानुवर्षं मराठवाड्याच्या वाट्याला हेच! इकडे फिटच्या साधारण तीनांतल्या एका रुग्णाला आजची औषधं पुरत नाहीत. त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

जनरेटर, प्रयोगशाळेला स्टॅबिलायझर आणि रात्रीचं तापमान नोंदवणारं यंत्र, एवढंच मागतो आहोत. आता आश्वासन नको, लेखी तारीख द्या. तोवर नवा गट सुरू करणार नाही.

आपले,
औषधशास्त्र विभागातील शिक्षक व संशोधक विद्यार्थी