आधी ‘अनडू’ शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातलं मोबाइल-कॉम्प्युटरच्या युक्त्यांचं सदर मी नेमाने वाचते. कात्रण काढून वहीत चिकटवतेसुद्धा, कारण दर बुधवारी सात-आठ जण माझ्याकडे फोन शिकायला येतात. सगळे साठीच्या पुढचे, आणि छापील कागदावर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्यावर नाही. १९ दिवसांपूर्वीच्या सदरात फोन भरला की मोकळा कसा करायचा ते सांगितलं होतं. नको असलेले फोटो डिलीट करा आणि मग कचरापेटीही रिकामी करा, असा सल्ला. ती पेटी तिथे मुळात कशासाठी ठेवलेली असते, याबद्दल अवाक्षर नाही. फोनमधला फोटो पुसला की तो आणखी कुठून कुठून जातो, याबद्दलही नाही. ज्यांनी ते सदर अर्धंच वाचलं, ते वाचले.

पण माझी तक्रार त्या एका रविवारपुरती नाही. तुमचं सदर, यूट्यूबवरचे व्हिडिओ, घरातली नातवंडं, सगळे ‘हे असं करायचं’ एवढंच सांगतात. केलेलं परत कसं फिरवायचं, म्हणजेच ‘अनडू’, हे कुणी सांगत नाही. आणि माझ्याकडे येणाऱ्यांची अडचण नेमकी तीच आहे. त्यांना येत नाही असं नाही, त्यांना भीती वाटते. ‘काहीतरी दाबलं आणि सगळं गेलं’ हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकते.

ही भीती मला चांगली ओळखीची आहे. मी ३४ वर्षं टंकलेखिका होते. यंत्रावर एक मूळ प्रत आणि तिच्याखाली चार कार्बन प्रती. एक अक्षर चुकलं की कागद वर ओढायचा, प्रत्येक कार्बनच्या आड कागदाचा चिठोरा सरकवायचा, म्हणजे वरची प्रत खोडताना खालच्या प्रतीवर काळा डाग पडत नाही. मग कडक खोडरबराने पाचही प्रती एकेक करून खोडायच्या. एखादा चिठोरा काढायचा राहिला की पुढच्या ओळी खालच्या प्रतीवर उमटतच नसत, आणि ते कळायचं सहीला गेल्यावर. सायक्लोस्टाइलवर पुष्कळ प्रती काढायच्या मेणकागदाची स्टेन्सिल असेल तर करेक्शन फ्लुइड. दिसायला आणि वासाला नेलपॉलिशसारखं. लावायचं, वाळेपर्यंत थांबायचं, त्याच जागी हलक्या हाताने बरोबर अक्षर मारायचं. घाई केली की स्टेन्सिलला भोक. असल्या यंत्रावर घडलेली बोटं भित्रीच होणार.

ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा शिकवायला आलेल्या मुलाने पहिले दोन आठवडे फाइल उघडणं, सेव्ह करणं, प्रिंट काढणं एवढंच शिकवलं. एकदा मी पूर्ण मजकूर सिलेक्ट केलेला असताना माझा अंगठा स्पेसबारवर पडला. पान कोरं. मी दोन्ही हात वर घेऊन बसून राहिले. तो मागून आला, वाकून दोन कळा दाबल्या आणि सगळं पान परत आलं. ‘हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?’ ‘मॅडम, ते नंतरच्या धड्यात आहे.’

ते अजूनही नंतरच्याच धड्यात आहे.

त्या दोन कळा म्हणजे कंट्रोल आणि झेड. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. झेड, एक्स, सी, व्ही ही चार अक्षरं कीबोर्डच्या खालच्या ओळीत शेजारी-शेजारी बसतात, आणि अनडू, कट, कॉपी, पेस्ट ही कामं त्यांच्याकडे दिली गेली. कट-कॉपी-पेस्टची पद्धत १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात घडवणाऱ्यांपैकी लॅरी टेस्लर २०२० मध्ये गेले, तेव्हा मी वर्गात त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलले होते. कुणाला फारसं काही वाटलं नाही. अनडूला आमच्या वर्गात ‘अंडू’ म्हणतात आणि मी ते दुरुस्त करत नाही. पडद्यावर मराठी असेल तर कुठे ‘पूर्ववत करा’ दिसतं, कुठे ‘पहिल्यासारखे करा’. दुसरं मला जास्त आवडतं, पण ‘अंडू’च्या तोडीचं एकही नाही.

कंट्रोल-झेड फक्त टायपिंगला चालतं असा पुष्कळांचा समज आहे. माउस ओढताना एक फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन पडतो, हा कॉम्प्युटरवरचा रोजचा अपघात. माणूस म्हणतो फोल्डर उडाला. विंडोजमध्ये त्याच खिडकीत लगेच कंट्रोल-झेड दाबलं की फोल्डर जागेवर येतो. चुकून फाइलचं नाव बदललं, चुकून डिलीट केली, तरी हेच. ब्राउझरचा टॅब चुकून बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी. मात्र पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये, म्हणजे विंडोजच्या कचरापेटीत, जात नाही, आणि शिफ्ट धरून डिलीट केलेली तर नाहीच नाही. शिफ्ट-डिलीट ही युक्ती म्हणून शिकवणाऱ्यांचा मला राग येतो.

कारकुनी कामातला खरा घात वेगळाच असतो. जुनं पत्र उघडायचं, त्यावरच तारीख, नाव, मजकूर बदलून नवं पत्र करायचं आणि सवयीने सेव्ह दाबायचं. जुनं पत्र गेलं. मी स्वतः हे किती वेळा केलंय ते सांगत नाही. वर्डची फाइल अजून बंद केली नसेल तर काही बिघडलेलं नाही. एफ-१२ दाबा, नवं पत्र नव्या नावाने ठेवा. मग कंट्रोल-झेड दाबत दाबत जुन्या मजकुरापर्यंत मागे या, आणि पुन्हा एफ-१२ दाबून तो जुन्या नावाने ठेवा. सेव्ह केल्याने अनडूची साखळी तुटत नाही, फाइल बंद केल्याने तुटते. आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? फाइल बंद करतो. म्हणून माझ्या वर्गातला पहिला नियम असा की गडबड झाली की हात उचलायचे, काहीही बंद करायचं नाही. वीज गेली किंवा वर्ड अडकलं तर निराळं. वर्ड मुळात दर १० मिनिटांनी स्वतःपुरती एक प्रत ठेवत असतं आणि पुन्हा उघडल्यावर ती डावीकडे दाखवतं. त्या यादीला लोक जाहिरात समजून फुली मारतात.

आता फोन. फोनवर कंट्रोल-झेड नाही, पण काही हटवलं किंवा हलवलं की बऱ्याच ॲपमध्ये खाली एक पट्टी येते आणि तिच्या टोकाला ‘अनडू’ लिहिलेलं असतं. चार-पाच सेकंदांत पट्टी नाहीशी. आमच्या वयाच्या माणसाला चष्मा नाकावर सरकवायलाच तेवढा वेळ लागतो. यावर इलाज आहे आणि तो मी कुठल्याच सदरात वाचलेला नाही. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘टाइम टू टेक ॲक्शन’ असं टाका. १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, २ मिनिटं असे पर्याय येतात. मी सगळ्यांना ३० लावून दिलंय. सगळी ॲप हे मानत नाहीत, पण जी मानतात त्यांतली पट्टी निवांत वाचता येते.

आयफोनवाल्यांची गंमत वेगळी. टाइप करताना आयफोन जोरात हलवला की तो ‘अनडू टायपिंग?’ असं विचारतो. आमच्यातल्या एकांचा हात कापतो. त्यांना ती चौकट दिवसातून दहादा दिसायची आणि आपला फोन बिघडलाय असं ते सहा महिने धरून बसले होते. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ‘टच’खाली ‘शेक टू अनडू’ बंद केलं. आता ते तीन बोटं डावीकडे सरकवून अनडू करतात. त्यांना ते जमतं, मला अजून नीट जमत नाही.

व्हॉट्सॲपवर निरोप भलत्याच ग्रुपवर गेला तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ साधारण दोन दिवस चालतं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. घाईत चुकून ‘डिलीट फॉर मी’ दाबलं की निरोप आपल्यापुरता गेला, बाकी सगळे वाचताहेत आणि आता तो आपल्याला काढताही येत नाही. त्यासाठी खाली ‘अनडू’ येतं ते जेमतेम ५ सेकंद. निरोपात नुसती चूक असेल तर तो पुसूच नये. १५ मिनिटांच्या आत त्यावर बोट दाबून धरा आणि ‘एडिट’ करा.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले. वय ७६, आयुष्यभर गणित शिकवलेले, आम्ही त्यांना सर म्हणतो. चेहरा उतरलेला. ‘ताई, नंबर गेले सगळे.’ फोनने त्यांना सुचवलं होतं की काही नावं दोनदा दिसताहेत, एकत्र करू का. सरांनी सगळ्याला हो म्हटलं, मग यादी वेगळी दिसली म्हणून घाबरून एकेक नाव पुसत सुटले. नंबर गूगलच्या खात्यात होते की सिमकार्डावर, हे मी आधी पाहिलं. खात्यात होते. मग कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडलं, वरच्या दातेरी चाकाच्या चिन्हावर जाऊन ‘अनडू चेंजेस’. तिथे विचारतात, यादी कुठल्या वेळेसारखी करू? १० मिनिटांपूर्वीची, तासापूर्वीची, कालची, आठवड्यापूर्वीची, किंवा ३० दिवसांच्या आतली तुम्ही सांगाल त्या वेळेची. सरांनी विचारलं, ‘काल म्हणजे कालच्या किती वाजताची?’ गणिताचा माणूस. आम्ही आदल्या दिवशी दुपारी चारची वेळ घातली. थोडा वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या हातातल्या फोनवर नावं एकामागून एक भरू लागली. मधल्या काळात नवा घेतलेला एखादा नंबर यात जातो, तो आधी कागदावर लिहून घ्यावा लागतो. सरांचा एकच होता, प्लंबरचा.

आता, ज्याला अनडू नाही अशाही गोष्टी आहेत. पाठवलेले पैसे, सांगितलेला ओटीपी, फॅक्टरी रीसेट म्हणजे फोन पूर्ण कोरा करणं. त्या ओळखण्याची एक खूण मी शिकवते. परतीची सोय असते तिथे फोन सहसा विचारत बसत नाही, काम करून मोकळा होतो. नसते तिथे तो थांबून विचारतो, ‘नक्की करायचं?’ म्हणजे जी चौकट आपण वैतागून न वाचता ओके करतो, तीच नेमकी वाचण्याची. पैशांच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर विसंबू नका. नवीन माणसाला आधी अगदी थोडी रक्कम पाठवा, मिळाली असा त्याचा फोन येऊ द्या, मग बाकीची.

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच. सदरातल्या प्रत्येक युक्तीखाली एक ओळ वाढवा. हे परत कसं फिरवायचं, आणि किती वेळात. जीमेलवर पाठवलेलं पत्र मागे घ्यायला मुळात ५ सेकंद असतात, सेटिंग्जमध्ये ते ३० करता येतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. असल्या ओळीला जागा किती लागते? आणि जिथे परत फिरवता येत नाही, तिथे तसं ठळक छापा.

त्या १९ दिवसांपूर्वीच्या सदराला ही ओळ मीच जोडून देते. गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो, तसा खात्यातून आणि त्या खात्याला जोडलेल्या बाकी सगळ्या ठिकाणांहूनही जातो. फोनमध्ये फक्त जागा हवी असेल तर त्याच ॲपमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं. बॅकअप झालेले, म्हणजे खात्यात प्रत गेलेले, फोटो तेवढे ते फोनमधून काढतं, खात्यातले तसेच राहतात. ज्यांनी डिलीट केलेत पण कचरापेटी रिकामी केलेली नाही, त्यांनी ती आजच उघडावी, फोटोवर बोट दाबून धरावं आणि ‘रिस्टोअर’ करावं. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३०. आयफोनच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्येही ३०च.

त्या रविवारी सकाळीच ज्यांनी तुमचा सल्ला अर्धाच मानला, त्यांच्या ३० दिवसांच्या मुदतीतले ११ दिवस उरलेत. पत्र त्याच्या आत छापावं.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका