टाकी वाजवून कळत नाही

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला जुन्या कॉम्प्रेसरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही म्हणून लिहितोय. कॉम्प्रेसरची हवेची टाकी हातोडीनं वाजवून बघा, खणखणीत वाजली की घ्या, बारीक भोक असेल तर वेल्डिंग मारा, असं छापलंत तुम्ही. साहेब, टाकी आतून गंजते हो. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, तळाला साचतं, रोज ड्रेन कॉक उघडून ते काढायचं असतं ते कोणी काढत नाही, मग तळाचा पत्रा आतल्या आत खाल्ला जातो आणि वरून रंग नवाकोरा. भोक दिसलं म्हणजे आजूबाजूचा पत्रा पण गेला, तिथं वेल्डिंग कशावर धरणार?

माझ्या भाच्यानं पंक्चरच्या दुकानासाठी भंगारातून अशीच 160 लिटरची टाकी आणली होती. विकणारा म्हणाला ठणठणीत आहे, आणि खरंच छान वाजत होती. ड्रेन कॉक जाम. पान्यानं सोडवला तर तांबडं पाणी, अर्धी बादली, त्यात गंजाचे पापुद्रे. भाचा म्हणे मामा, धुऊन घेऊ. मी हट्टच धरला की पाण्याची टेस्ट केल्याशिवाय हवा भरायची नाही. प्लंबरचा पाइपलाइन तपासायचा हातपंप आणला, टाकी काठोकाठ भरली, आत हवा अजिबात राहू दिली नाही. रोज 8 किलोवर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 8 किलो दाबावर, चालवायची म्हणजे टेस्टला दीडपट, 12 तरी झेलायला हवी होती. काटा 7 वर गेला आणि पायाच्या वेल्डिंगशेजारी पत्रा फाटला. बोटभर चीर, थोडं पाणी फरशीवर, काटा शून्यावर, संपलं. पाणी होतं म्हणून एवढ्यावर भागलं. हवा असती तर दाबलेली सगळी एकदम सुटली असती. 40 सेंटीमीटरच्या डिशवर, म्हणजे टाकीच्या टोकाच्या गोल झाकणावर, 8 किलोला दहा टन जोर येतो, हिशेब करून बघा, आणि भाच्याचं स्टूल त्या डिशसमोरच असणार होतं. तो त्या दिवशी जेवला नाही.

कारखान्यांसाठी 1948 च्या कायद्यात कलम 31 होतं, प्रेशरच्या भांड्यांसाठीच. आम्ही कंपनीत तपासणीची तारीख टाकीवरच रंगवायचो. कोपऱ्यावरच्या दुकानात कोण बघतं? तिथं तुमचा लेखच वाचणार ना. आणि लेखातला फोटो बघितलात का नीट, दाब वाढला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बोल्ट बसवलाय! असा फोटो छापला तर बघणाऱ्याला तेच बरोबर वाटणार.

अजून एक, पुरवणीची अक्षरं फार बारीक झालीत, माझ्या वयाच्या माणसाला चष्मा लावूनही त्रास होतो, हे आधीही कळवलं होतं.

पत्र कापलंत तरी चालेल, पाण्याच्या टेस्टचं तेवढं राहू द्या.

एक निवृत्त फिटर, कराड